आधी वही आण

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आसपास माझी भाची शाळेतून थेट दुकानात आली. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकूंना मी रंगवलेली पिशवी आवडली. कितीला देणार, असं विचारत होत्या."

"मग? तू किती सांगितलेस?"

"काहीच नाही. म्हटलं, असंच घ्या."

ते "असंच घ्या" ऐकलं आणि पायडलवरचा माझा पाय थांबला.

डोंबिवली पूर्वेला माझा ब्लाउज शिवायचा गाळा आहे, १९९८पासून. पहिली चार वर्षं मी नात्यातल्या एकीकडूनही शिलाई घेतली नाही. घरच्याच बायका, त्यांच्याकडून काय मागायचं? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हुक लावत बसायचे. पुढे मी दर सांगायला लागले, तेव्हा त्यातल्या तिघी दुसऱ्या टेलरकडे गेल्या. तिथे त्या पैसे देत होत्या. मला फुकट शिवून घेतल्याचं वाईट वाटलं नाही, पण त्यांना माझ्या कामाची किंमत कळलीच नव्हती आणि ती मीच कळू दिली नव्हती, हे फार उशिरा लक्षात आलं. माझी भाची पंधराव्या वर्षी तीच वाट धरत होती.

ही पोर लहानपणापासून हातात येईल त्यावर चित्र काढते. (तिचं नाव इथे लिहायचं नाही, अशी तिची अट आहे, म्हणून भाचीच म्हणते.) आठवीत तिने चित्रकलेची इंटरमिजिएट दिली, ए ग्रेड मिळाली. घरात त्याचा अर्थ "दहावीला सात गुण वाढले" एवढाच लागला. माझी बहीण मनाने चांगली आहे आणि मुलीचं कौतुकही करते. पण चित्राला कौतुकापलीकडे काही देता येतं, हे तिच्या डोक्यात येत नाही. मला ते द्यायचं होतं.

मी भाचीला सांगितलं, "उद्या आधी वही आण. दोनशे पानी."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच लिहून घेतलं. कोरी कापडी पिशवी ७० रुपये. रंग साधारण १५ रुपयांचा. बांधायचा कागद ५ रुपये. मग विचारलं, वेळ किती लागला? तिने वेळ मोजलाच नव्हता. पुढची पिशवी रंगवताना घड्याळ समोर ठेवायला लावलं, तर अडीच तास भरले. मी माझ्या मदतनीस मुलीला तेव्हा तासाला ६० रुपये देत होते, तोच दर धरला. दीडशे झाले. ब्रश झिजतात, एखादी पिशवी बिघडते, त्याचे दहा. एकूण २५०.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "एवढे कोण देणार, मावशी?"

"सगळे नाही देणार. ज्यांना हवी आहे, ते देतील."

वरच्या काकूंना तिने आकडा सांगितला तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले नाही. लाज तिची तिनेच मोडायला हवी होती. काकू म्हणाल्या, "लहान मुलीचं काम, त्याचे अडीचशे?" भाची म्हणे गप्प उभी राहिली, पण आकडा बदलला नाही. काकूंनी घेतली. त्या संध्याकाळी वहीत "जमा" खाली पहिली ओळ पडली. तारीख, वस्तू, रक्कम, आणि त्याखाली तिने दोन रेघा ओढल्या.

फेब्रुवारीत मात्र तिने हे सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. एका बाईंच्या सुती ब्लाउजच्या पाठीवर कमळ रंगवायचं होतं, रंगवणावळ ६०० रुपये. कमळ सुरेख उतरलं. पहिल्याच धुण्यात पाकळ्यांचे पापुद्रे निघाले. कोऱ्या कापडाला खळ असते. ती धुऊन काढली नाही तर रंग धाग्यात शिरत नाही, नुसता वर बसतो. हे मला माहीत होतं आणि मी तिला सांगायला विसरले होते. त्या बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला, आणि भाचीला तेच जास्त लागलं. खूप रडली. "मी परत नाही करणार" म्हणाली.

मी तिचे डोळे पुसले आणि वही उघडली. शिल्लक १,१४० होती. त्यातून ६०० परत. राहिले ५४०. तिच्या हाताने लाल पेनने लिहून घेतलं. पैसे परत द्यायला आम्ही दोघी गेलो, आणि माझी चूक मी तिच्यादेखत त्या बाईंना सांगितली. ब्लाउज मी दुसरा शिवून दिला. त्यानंतर तिचा स्वतःचा शिरस्ता पडला. कापड आधी धुवायचं, वाळवून इस्त्री करायचं, मग रंग. रंग पुरता सुकला की उलट बाजूने इस्त्री, आणि पुढचे तीन दिवस पाणी लावायचं नाही. नवीन कापड आलं की कोपऱ्यातून चिंधी कापून ती रंगवते आणि पाच वेळा धुऊन बघते. माझ्या दोरीवर अजून त्या चिंध्या लटकतात.

पाडव्याच्या सुमाराला एक ऑर्डर आली. पंधरा पिशव्या, सगळ्यांवर वारली. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. भाचीने मोबाइलवरून चित्रं शोधली, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतली, फेर धरून नाचणारी माणसं आणि मधोमध तारपा वाजवणारा. मी सहज विचारलं, "हे कोणी काढलंय?" तिला माहीत नव्हतं.

मला हे असं सोडवेना. वारली चित्र म्हणजे त्रिकोणाचं पोट आणि काडीचे हातपाय एवढंच नाही. लग्नघरात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघट देवी बसते, तेव्हा लग्न लागतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ते भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. डहाणू आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे आणि तिथे आजही चित्रं काढून घर चालवणारी माणसं आहेत. मी भाचीला एवढंच म्हटलं, "काकूंनी तुझी पिशवी फुकट नेली असती, तर तुला कसं वाटलं असतं?"

दोन दिवस ती काही बोलली नाही. मग तिने त्या गिऱ्हाइकाला कळवलं की वारली तिच्याकडून होणार नाही, ती चित्रं तिकडच्या कलाकारांकडूनच घ्या. पंधरा गुणिले अडीचशे, ३,७५० रुपये. हा गुणाकार तिने आधीच करून ठेवला होता, मी वहीत पाहिला होता. पोरीने तो खोडला नाही, तसाच ठेवला.

त्याच आठवड्यात चैत्रातली तीज आली. आमच्या आईने, म्हणजे भाचीच्या आजीने, नेहमीप्रमाणे गेरू लावलेल्या पाटावर चैत्रांगण काढायला घेतलं. फ्लॅटला अंगण कुठलं, म्हणून ती दाराशी पाट ठेवते. मधे झोपाळ्यातली गौर, वर चंद्र-सूर्य, मग शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, तुळस, कासव, नाग, हत्ती, फणी-आरसा, करंडा. वय ७८. चिमटीतून रांगोळी सुटते ती एका जाडीची, कुठे तुटत नाही. भाची हे दर वर्षी बघत आली होती. त्या दिवशी ती शेजारी मांडी घालून बसली आणि विचारायला लागली, "आजी, हे कासव असंच का काढायचं? तुला कोणी शिकवलं?" आजीला तिच्या आत्याने शिकवलं होतं. आजीच्या माहेरचं कासव वेगळं, सासरचं वेगळं, हे मलाही त्या दिवशीच कळलं.

मग गेरूच्या रंगाचं जाड सुती कापड आणलं. पिशव्या मी शिवल्या, शिलाई लावून (मावशी म्हणून सोडली नाही, वहीत लिहिलेली आहे). त्यावर भाचीने पांढऱ्या रंगाने चैत्रांगणातलं एकेक चिन्ह काढलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी कैरीची डाळ खाता खाता अकरा पिशव्या ठरवल्या. अक्षय्य तृतीयेपर्यंत बावीस गेल्या. दिवाळीत पहाटे फडके रोडवरच्या गर्दीत एका अनोळखी मुलीच्या खांद्यावर तिचं कासव दिसलं, तेव्हा तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

एका दुकानाने चाळीस नग मागितले, पैसे विकल्यावर. तिथे मात्र मी मधे पडले. ती अठराच्या आतली, तिचा करार कायद्याने धरला जात नाही. आणि विकल्यावर म्हणजे कधी, याला उत्तर नव्हतं. निम्मे आगाऊ द्या म्हटलं, ते नाही म्हणाले. विषय संपला.

बहिणीची दहावीची काळजी खरी होती. दिवाळीनंतर ऑर्डर बंद हे तिघींनी मिळून ठरवलं आणि पाळलं. आता पूर्वपरीक्षा चालू आहे आणि वही माझ्या दुकानात कपाटात आहे.

परवा जमाखर्च जुळवायला ती वही काढली. खर्चाच्या बाजूला चैत्रापासून एक ओळ सारखी येते, मी आधी नीट वाचली नव्हती. "आजी, चिन्हाचे, १० रुपये." प्रत्येक पिशवीमागे दहा. मी आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "देते ना ती. नको म्हटलं तर ऐकत नाही. रांगोळीच्या डब्यात ठेवलेत."