पाहुण्यांसाठीची वस्तू

आमच्या कपाटावर आभासी वास्तव दाखवणाऱ्या हेडसेटचं, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या पडद्याचं, एक पांढरं खोकं आहे. ते खाली उतरतं ते फक्त पाहुणे आल्यावर. गप्पांना जरा ओहोटी लागली की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "अरे, तो हेडसेट दाखव ना यांना." मग मी स्टुलावर चढतो, खोक्यावरची धूळ बाहीने पुसतो आणि आभासी जगाचं दार उघडायला घेतो. दार म्हणायचं आपलं. आधी कळतं की बॅटरी संपलेली आहे. ती थोडीफार भरली की अपडेट येतो. तो संपला की हातातल्या कंट्रोलरचे सेल गेलेले असतात, ते भिंतीवरच्या घड्याळातून काढावे लागतात. मग खुर्च्या भिंतीला लावायच्या, टीपॉय आतल्या खोलीत न्यायचा, जमिनीकडे कंट्रोलर रोखून एक अदृश्य रिंगण आखायचं. एवढं होईपर्यंत पाहुण्यांपैकी एखादा हळूच घड्याळाकडे बघतो. घड्याळ अर्थातच बंद असतं.

मागे आत्या आली होती. सत्तरी ओलांडलेली, चष्मा लावणारी आणि कशालाही 'नको' न म्हणणारी. चष्म्यासकट तिला हेडसेट चढवला, मागचा पट्टा आवळला आणि फळीचा खेळ लावून दिला. उंच इमारतीच्या टोकावरून एक फळी बाहेर आलेली असते आणि तिच्यावरून चालत जायचं असतं. फळी म्हणजे आमची फरशीच. आत्याने एक पाऊल टाकलं आणि माझं मनगट असं पकडलं की तिच्या बांगड्यांचे वळ उठले. दुसरं पाऊल तिने टाकलं नाही. सगळे हसत होते, कुणी व्हिडिओ काढत होतं, कुणी "अगं, घरातच आहेस तू" असं ओरडत होतं. तिला ते ऐकू येत होतं, पण पटत नव्हतं. शेवटी मी हेडसेट काढला. डोळ्यांभोवती लाल कडं उमटलेलं, केस विस्कटलेले, चष्मा एका कानावरून निसटलेला. अवेळी लागलेल्या झोपेतून उठल्यासारखी तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही सगळे इथेच होतात?"

मला तेव्हा हसू आलं. नंतर वाटलं, या वस्तूबद्दल याहून नेमकं कुणी काही बोललेलं नाही.

या प्रात्यक्षिकानंतर एक प्रश्न ठरलेला असतो. एखादा तरुण पाहुणा हेडसेट हातात घेऊन त्याचं वजन जोखत विचारतो, "हे सगळ्यांकडे कधी येणार? आत्ता घेऊ की थांबू?" मी दर वेळी "थांब" म्हणतो. घेतलेल्या माणसानेच थांबायला सांगावं, यातच खरं तर उत्तर आलं.

गंमत म्हणजे ही वस्तू एकदा सगळ्यांच्या घरी येऊन गेलेली आहे. 1838 साली चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक साधी गोष्ट मांडली: आपले दोन डोळे जगाची दोन किंचित वेगळी चित्रं बघतात आणि मेंदू ती जोडून खोली तयार करतो. मग प्रत्येक डोळ्यापुढे वेगळं चित्र ठेवलं, तर सपाट कागदालाही खोली येईल. हाच स्टिरिओस्कोप. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याला भिंगं लावून सुटसुटीत केलं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला तो आवडला आणि मागणी चढत गेली. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीचं घोषवाक्यच होतं, की स्टिरिओस्कोपविना एकही घर नको. 1861 मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी अमेरिकेत हातात धरायचं स्वस्त रूप काढलं आणि त्याचं पेटंटही घेतलं नाही. लोक दिवाणखान्यात बसून पिरॅमिड नि नायगारा बघत. आणि कुणाला दाखवत? पाहुण्यांना. माझं कपाटावरचं खोकं बरंच जुन्या घराण्यातलं आहे म्हणायचं.

पुढे सिनेमा आला, रेडिओ आला आणि स्टिरिओस्कोप माळ्यावर गेला. सगळे मिळून एकाच वेळी अनुभवता येईल असं काही घरात आलं, की एकेकट्याने डोळे लावून बघायच्या वस्तूची रया जाते. इतिहासकारांना हे कारण मान्य होईल की नाही, देव जाणे. मला ते पटतं, कारण आमच्या घरात मी हेच बघतो.

त्यानंतरची कहाणी म्हणजे 'आता येणार, आता येणार' या पालुपदाची. 1968 मध्ये आयव्हन सदरलंड यांनी संगणकाचं चित्र डोळ्यांपुढे आणणारा आणि डोकं वळेल तसं चित्र फिरवणारा सांगाडा बनवला. डोक्याची हालचाल टिपणाऱ्या यंत्रणेसकट तो छताला टांगावा लागे. त्याला नाव पडलं 'डॅमोक्लिसची तलवार'. आपल्याकडे टांगती तलवार म्हणतात तीच ती, फक्त इथे खरोखर टांगलेली. आत दिसायचं काय, तर रेघांचे पोकळ ठोकळे. ऐंशीच्या दशकात जॅरन लॅनियर यांनी 'व्हर्च्युअल रिॲलिटी', म्हणजे आभासी वास्तव, हा शब्द रूढ केला. 1995 मध्ये निन्टेन्डोने 'व्हर्च्युअल बॉय' आणला. तो टेबलावर उभा करायचा, मान वाकवून त्यात तोंड खुपसायचं आणि काळ्या पार्श्वभूमीवर सगळं लालच बघायचं. वर्षभरात तो गुंडाळला गेला. 2012 मध्ये ऑक्युलस या नव्या कंपनीने हेडसेट बनवण्यासाठी लोकांकडून अडीच लाख डॉलर मागितले, लोकांनी चोवीस लाखांवर दिले. दोन वर्षांत फेसबुकने ती कंपनी सुमारे 2 अब्ज डॉलरना घेतली. त्याच 2014 मध्ये गुगलने पुठ्ठ्याच्या घडीत मोबाइल खुपसून हेच करून दाखवलं. 2016 मध्ये तीन मोठे हेडसेट एकाच वर्षात बाजारात उतरले. 2019 मध्ये फेसबुकच्याच ऑक्युलसचा, संगणकाला न जोडताही चालणारा 'क्वेस्ट' आला. 2021 मध्ये फेसबुकने या दुनियेच्या नादात कंपनीचं नावच बदललं, आणि त्याच वर्षी गुगलने तो पुठ्ठा विकायचं थांबवलं. 2024 मध्ये ॲपलने साडेतीन हजार डॉलरचा 'व्हिजन प्रो' आणला. दर वेळी वाटतं, आता आली वेळ. आणि दर वेळी खोकं कपाटावर जातं.

का जातं? किंमत हे एक उत्तर आहे, पण ते अपुरं आहे. क्वेस्टच्या स्वस्त आवृत्त्या तीनशे डॉलरला मिळू लागल्या, तरी माझं खोकं काही खाली आलं नाही. वजन हे दुसरं. क्वेस्ट 2 पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो, व्हिजन प्रो सहाशेच्या वर, आणि त्याची बॅटरी वेगळी, वायरने खिशात लोंबणारी. चष्मा वीस-तीस ग्रॅमचा असतो, तरी संध्याकाळी नाकावर दोन खड्डे सोडतो.

मग पोटाचा प्रश्न. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या हौसेने त्यात विमान उडवलं. चार गिरक्यांनंतर कपाळाला घाम फुटला आणि मी कसाबसा सोफ्यावर आडवा झालो. डोळे सांगत होते, आपण उडतोय. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगत होती, हा माणूस खुर्चीत बसलाय. दोघांचं पटलं नाही की भोगायचं पोटाने. डोकं वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत आणला की हा त्रास बराच आटोक्यात येतो आणि तेवढं इंजिनीअरांनी जमवलेलं आहे. पण विमान उडत असताना खुर्ची न हलण्यावर त्यांच्याकडेही इलाज नाही. शिवाय डोळ्यांचं स्वतःचं एक भांडण आहेच. नाकाजवळ फुलपाखरू आलं की दोन्ही बुबुळं आत वळतात. पण पडद्याचं चित्र भिंगांमुळे कायम एकाच ठरावीक अंतरावर असल्यासारखं पडतं, म्हणून नजर मात्र तिथेच स्थिरावावी लागते. वळायचं जवळ आणि बघायचं लांब. डोळ्यांना ही कसरत जन्मात कुणी शिकवलेली नाही. अर्ध्या तासाने भुवयांच्या मध्ये ठणकतं ते यामुळेच.

हे सगळं सुटेल. हेडसेट पातळ होतील, हलके होतील, भिंगं सुधारतील. मला काळजी आत्याच्या प्रश्नाची आहे.

1979 मध्ये सोनीने वॉकमन काढला, तेव्हा पहिल्या मॉडेलला हेडफोनसाठी दोन भोकं ठेवली होती. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, अशी धास्ती खुद्द सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता यांना होती. एक बटणही होतं, ते दाबलं की संगीत दबायचं आणि समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं. लोकांनी पुढे दुसरं भोक फारसं वापरलंच नाही. कान बंद करून बसलेल्या माणसाची आपल्याला सवय झाली. पण कान बंद असले तरी डोळे उघडे असतात. दारात कुणी आलं की मान हलवता येते, ताटकळणाऱ्याला हाताने 'आलोच' सांगता येतं. डोळे झाकलेल्या माणसाकडे यातलं काही नसतं. तो घरात असतो आणि नसतो, आणि वर त्याचं तोंड उघडं पडलेलं असतं. माझा तसा एक फोटो घरच्या ग्रुपवर आहे. मला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या झाल्या की कुणीही तोच लावतो.

ॲपलने यावर काढलेला तोडगा मला फार करुण वाटतो. हेडसेटच्या बाहेरच्या बाजूला एक पडदा लावला आणि त्यावर आतल्या माणसाच्या डोळ्यांचं चित्र उमटवलं, म्हणजे समोरच्याला वाटावं की हा आपल्याकडे बघतोय. इतकी बुद्धी, इतका पैसा, आणि प्रश्न काय, तर समोरच्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा. वॉकमनच्या दुसऱ्या भोकाचाच हा धाकटा भाऊ.

मोबाइलशी तुलना सगळे करतात, तीही मला लंगडी वाटते. 2007 मध्ये आयफोन आला तेव्हा खिशात फोन आधीपासून होता. जुना गेला, नवा आला, जागा तीच. चेहऱ्यावर तशी जागा मोकळी कुठे होती? हेडसेट कुणाचीही जागा घेत नाही, तो नवी जागा मागतो, आणि तीही ज्या जागेवर आपली ओळख असते तीच.

जिथे माणूस मुळात एकटाच झगडत असतो, तिथे मात्र तो कधीचाच रुळलाय. 1993 मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला निघालेल्या अंतराळवीरांच्या सरावात आभासी वास्तवाचा वापर झाला होता. शिकाऊ सर्जन त्यात हात बसवतात. उंचीची भीती असलेल्यांना डॉक्टर त्यात पायरीपायरीने वर नेतात. आत्याला मी जे हसण्यासाठी केलं तेच, पण शहाणपणाने, आणि मनगट पकडू देऊन. तिथे कुणी कुणाला 'वा!' म्हणायला लावत नाही. काम झालं की हेडसेट हुकावर.

सध्या माझी भाची शिकायला म्हणून आमच्याकडे राहते. आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मामा, तो वर का ठेवलाय?" मी म्हटलं, पडेल, धूळ बसेल, सांभाळून ठेवलाय. तिने तो खाली काढला आणि पुन्हा वर ठेवलाच नाही. रोज सकाळी वीस मिनिटं ती दार लोटून घेते, गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे हाणते आणि घामाघूम होऊन बाहेर येते. कसं होतं, काय दिसलं, एक शब्द नाही. मीही विचारत नाही. ती अंघोळीला गेली की हेडसेटचा घामाने भिजलेला फोम कोण पुसणार, यावरून तेवढी कुरबुर होते. घड्याळही आता चालू असतं. तिने स्वतःसाठी चार्जिंगचे सेल आणलेत.

परवा आत्या पुन्हा आली. मी सवयीने स्टूल ओढलं, वर बघतो तर नुसतं रिकामं खोकं. हेडसेट शोधायला वळलो, तर तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. पट्ट्याला भाचीचा केसांचा रबर अडकवलेला, वर ओला टॉवेल. आत्याला त्याच खुर्चीत बसायची सवय. तिने टॉवेल दांडीवर टाकला, हेडसेट उचलून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला, टेकली आणि म्हणाली, "हं, बोला. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर?"