उजव्या बाजूचे आटे

"उजवीकडची तार सारखी ढिली पडते. तेवढी आवळून द्या," ताई फोनवर म्हणाल्या होत्या. २४ फुटी शिडाची होडी, एकच डोलकाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला घेऊन त्या बाहेर पडणार होत्या. काठीला धरून ठेवणाऱ्या तारा तपासायच्या आणि जुळवायच्या, हे माझं काम. दोन तासांत उरकेल म्हणून गेलो आणि अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.

तारांची पाहणी मी खालून सुरू करतो. तार ज्या दाबून बसवलेल्या नळीत शिरते, तिच्या तोंडाशी खारं पाणी ओघळून साठतं आणि धागे बहुधा तिथेच तुटतात. सुती फडक्याने पुसत वर जायचं. धागा तुटला असेल तर फडकं अडकतं. नुसतं बोट कधी फिरवू नये, तुटलेलं टोक सुईसारखं आत घुसतं. ही १×१९ ची, म्हणजे एकोणीस धाग्यांची ४ मिमी स्टेनलेस तार. फडकं कुठेही अडकलं नाही. नळीच्या तोंडाशी तांबूस डाग नाही, भिंगाखाली चीर नाही. स्प्रेडर, म्हणजे तारांना काठीपासून लांब धरणारे आडवे दांडे, तेही हवे तसे, टोकं किंचित वर उचललेली.

मग टर्नबकलवरचा, म्हणजे तार आवळायच्या फिरकीवरचा टेप सोडला. डावीकडे वरच्या आणि खालच्या पेचांमध्ये करंगळी जाईल एवढी फट होती. उजवीकडे नखही शिरेना. दोन्ही पेच एकमेकांना टेकायच्या बेतात आले होते.

"ताई, किती वेळा आवळलंत हे?"

"दर पंधरा दिवसांनी अर्धा फेरा. चार महिने झाले असतील."

म्हणजे चार फेरे. नवी तार पहिल्या काही सफरींत थोडी लांबते, मग थांबते. ही आठ वर्षांची होती. ती आता लांबत नव्हती, मग दुसरं काहीतरी सरकत होतं.

ते नक्की करायला मी सगळ्या बाजूच्या तारा सैल करून पहिल्यापासून सुरुवात केली. शीड चढवायचा दोर काठीच्या टोकावरून आणून होडीच्या दोन्ही काठांवर, समोरासमोरच्या खुणांना टेकवला आणि लांबी सारखी होईपर्यंत काठी सरळ केली. मग २ मीटरची मोजपट्टी वरच्या टोकाला तारेवर चिकटवली, खालचं टोक नळीशी मोकळं ठेवलं. १×१९ तारेचा एक फार उपयोगी गुण आहे: २ मीटर लांबी १ मिमीने ताणली की तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला. तार जाड असो की बारीक, हिशोब तोच. मला ३ मिमी, म्हणजे १५ टक्के हवे होते. या तारेसाठी ती सुमारे २०० किलोंची ओढ झाली, आणि तीही होडी धक्क्याला नुसती उभी असताना.

एक फेरा डावीकडे, एक उजवीकडे. मोजपट्टी आणि नळीमधली फट १ मिमीवर आली आणि तिथेच थांबली. आणखी एकेक फेरा दिला, पण ती हलेना. दोरी पुन्हा लावून बघितली, तर काठीचं टोक डावीकडे कललेलं. समोरासमोरच्या तारा एकमेकींना ओढून धरतात; एकीचा पाया सुटला की ताण दोघींचाही जातो. तेवढ्यात केबिनमधून एक बारीक करकर ऐकू आली. मी पाना खाली ठेवला.

तार जिला अडकवलेली असते ती चेनप्लेट, म्हणजे स्टेनलेसची पट्टी, डेकमधून आत उतरून बल्कहेडला, म्हणजे होडीच्या पोटातल्या आडव्या भिंतीला बोल्टांनी जखडलेली असते. डेकवरचं झाकण काढलं. सीलंट फाटलेलं, आणि पट्टीवर जुन्या मळकट रेषेखाली सात-आठ मिलिमीटरचा स्वच्छ, चकचकीत भाग. तेवढी ती वर ओढली गेली होती. आत कपाटातलं सामान बाजूला केलं तर प्लायवूड काळं पडलेलं. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जोर न लावता आत गेला. बोल्टांची भोकं वरच्या दिशेने लांबोडी झाली होती. कितीतरी वर्षं डेकमधून थेंब थेंब पाणी झिरपत असणार.

"उद्याचा एक दिवस निघणार नाही का?" ताईंनी विचारलं. मुलगी मागे उभी होती.

मी त्यांचा हात धरून स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी एकदा टोचून पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

मग मी दोर उजवीकडच्या एका भक्कम कडीला बांधून काठीला आधार दिला, तारा उतरवल्या आणि चेनप्लेट बाहेर काढली. डेकच्या जाडीत दडलेला भाग तपकिरी, खड्डे पडलेला होता. स्टेनलेसला हवा मिळाली तर त्याचं कवच टिकतं. ओलसर, कोंडलेल्या फटीत ते जातं. पट्टी घासून लाल रंग लावला, थोडा वेळ मुरू दिला, पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे तिथे चीर होती. ती बघताना माझ्या पोटात गोळा आला. चार महिने मायलेकी त्या रेघेच्या भरवशावर वाऱ्यात जात होत्या.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. कुजका भाग कापून नवं मरीन प्लाय, इपॉक्सी, दोन्ही बाजूंना नव्या चेनप्लेट; डावीकडची अजून धड होती, तरी ठेवली नाही.

पहिल्या सफरीला तिघेही गेलो. होडी वीसेक अंश कलली तेव्हा मी वाऱ्याआडची तार बोटाने दाबली. मऊ झाली होती, पण लोंबत नव्हती. काठीच्या खोबणीतून वर नजर टाकली, सरळ. परत आल्यावर पिना घातल्या आणि दोन्ही टर्नबकलच्या आट्यांवर काळ्या शाईची एकेक रेघ ओढून दिली.

महिन्याने मुलीने फोटो पाठवला. रेघ होती तिथेच होती.