तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस खरंच मेंढरासारखा वागतो का?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या रेषांच्या प्रयोगाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. चार जण चुकीचं बोलले की पाचवाही तेच बोलतो, हे अमेरिकेत सिद्ध झालंय ना? अर्धं खरं आहे. राहिलेलं अर्धं सहसा कुणी सांगत नाही आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

१९५० च्या दशकातला हा प्रयोग. सात ते नऊ कॉलेजचे विद्यार्थी बसलेले, समोर दोन पांढरी कार्डं. एकावर एक उभी रेष, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती, ते एकेकाने मोठ्याने सांगायचं. एकट्याला विचारलं तर शंभरात एखादीही चूक होत नाही, इतकं सोपं. पण इथे एक सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले, आणि त्या एकाची पाळी शेवटाजवळ. पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत जातात. तिसऱ्या फेरीत पहिला शांतपणे चुकीची रेष सांगतो, दुसराही तीच, तिसराही. आपला माणूस मान पुढे काढून पुन्हा कार्डाकडे बघतो. तोवर त्याची पाळी येते.

एकूण १८ फेऱ्या, त्यांतल्या १२ मध्ये सगळे एकमुखाने चुकतात. उरलेल्या सहा बरोबर ठेवाव्याच लागतात, नाहीतर संशय येतो. वर्गात हा प्रयोग करून बघणाऱ्यांचं बहुतेक इथेच बिनसतं. शिवाय पढवलेल्यांपैकी कुणी हसलं किंवा खऱ्या माणसाला आधी विचारलं, तर सगळंच मुसळ केरात. आणि शेवटी त्याला खरं काय ते नीट समजावून सांगायलाच हवं. ओशाळलेल्या माणसाला तसंच घरी पाठवू नये.

आता आकडे. १२३ जणांच्या उत्तरांपैकी ३६.८ टक्के बहुमताकडे झुकली. हे प्रमाण उत्तरांचं आहे, माणसांचं नव्हे. इथे भलेभले घसरतात. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश उत्तरं एवढ्या दबावातही बरोबरच होती, आणि सुमारे पाव लोक एकदाही वाकले नाहीत. वाकलेल्यांशी ॲश नंतर बोलले, तेव्हा काहींना खरंच आपल्या नजरेत दोष आहे असं वाटलेलं निघालं. काहींना दिसत होतं बरोबर, पण चारचौघांत वेगळं पडायचं नव्हतं.

समोर चुकीचं सांगणारा पढवलेला एकच असला तर परिणाम जवळजवळ नाही. दोन असले की चुका १३.६ टक्के, तीन असले की ३१.८. त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नाही. उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं तर झुकणं बरंच कमी होतं. म्हणून सभेत हात वर करायला सांगण्याआधी चिठ्ठ्या घ्याव्यात, असं मी आग्रहाने सांगतो.

आणि सोबत खरं बोलणारा एक जरी बसवला, तर चुका पाव हिश्श्यावर येतात. तो जोडीदारही चुकतोय, पण बहुमतापेक्षा वेगळा चुकतोय, एवढ्यानेही धीर येतो. मात्र सहा फेऱ्या साथ देऊन तो बहुमताला जाऊन मिळाला, की मागे राहिलेल्याच्या चुका लगेच पूर्वीइतक्या वर जातात.