वरच्या तालीचा गडगा

मी निफाडचा, सध्या इटलीत सोंद्रिओजवळ व्हाल्तेल्लिनाच्या डोंगरउतारावर द्राक्षबागेत काम करतो. आद्दा नदी इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, म्हणून उत्तरेकडच्या उताराला दिवसभर ऊन. बाकी सगळी गैरसोयच. ट्रॅक्टर चढत नाही, क्रेट खांद्यावरून न्यायचे. हेक्टरी वर्षाला हजारावर तास मजुरी जाते.

स्फोर्त्सातोची काढणी चालू होती. या वाइनसाठी नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांचे सुटसुटीत घड निवडून क्रेटमध्ये एकाच थरात मांडायचे आणि हवेशीर खोलीत डिसेंबरपर्यंत सुकवायचे. तासगावच्या बेदाण्यासारखं द्राक्षं लवकर सुकवणारं डिपिंग ऑइल वगैरे काही नाही. एक मणी फुटला की बुरशीनं शेजारचा घड गेलाच.

रात्री पाऊस झाला आणि सकाळी मधला गडगा, म्हणजे उतारावरची पायरीसारखी शेतं पेलणारी बिनसिमेंटची दगडी भिंत, खाली आलेला. मालकांनी काढणी थांबवून सगळ्यांना दगड वेचायला लावलं. ऐन हंगामात! गाडीतून न उतरताच एक इंजिनिअर काँक्रीट सुचवून गेले. असल्यांना पगार कोण देतं कोण जाणे. काँक्रीटमागं पाणी तुंबतं आणि भिंतीला पोट सुटतं. गडग्यात मोठे दगड तळाला, डोंगराकडे जरा कललेले, लांब बाजू आत. मागं चिपांची भर, पाणी झिरपून जावं म्हणून. आमचे सत्तरीचे गवंडी दगड एकदाच हातात फिरवत आणि तो बसे. माझा तोच दगड डुगडुगायचा.

पण पाणी आलं होतं वरच्या पडीक तालीतून, म्हणजे वरच्या पायरीच्या शेतातून. तिथं काटेरी झुडपं माजलेली, जुनी पन्हळ बुजलेली. त्या तालीचे जमीनमालक मिलानला, फोनवर म्हणाले, "काय करायचं ते करा, मी पैसे देणार नाही." आमच्या मालकांनी तोही गडगा स्वखर्चानं बांधला. तोवर पुन्हा पाऊस लागला आणि उरलेले बरेच घड स्फोर्त्सातोच्या लायकीचे राहिले नाहीत.

या खोऱ्यात असे गडगे अडीच हजार किलोमीटर भरतील म्हणतात. 2018 मध्ये युनेस्कोनं ही कला वारसा यादीत घेतली. यादीवाले दगड उचलायला येत नाहीत.

नोव्हेंबरात मिलानचे गृहस्थ स्वतः आले. नवा गडगा पाहून खूश झाले. आता तो तुकडा त्यांना विकायचाय, आणि गडगा धड आहे म्हणून भाव वाढवून सांगतायत. मी तर हाकलूनच दिलं असतं. आमचे मालक बँकेत कर्जाची चौकशी करून आलेत.