उभ्याने खाल्लेलं

आहाराची वही कोणाचीही उघडा, ताटात वाढून घेऊन बसून खाल्लेलं सगळं तिच्यात सापडतं. उभ्याने खाल्लेलं सापडत नाही. चव बघताना पोटात गेलेले चार-पाच चमचे, मुलांच्या ताटात उरलेले दोन घास, डबा बंद करता करता तोंडात टाकलेले दाणे, कॉफीबरोबर कोणीतरी पुढे केलेलं बिस्कीट. लिहिणारा खोटं बोलत नसतो. जेवण म्हटलं की डोळ्यांपुढे ताट येतं, ठरलेली वेळ येते. येता-जाता तोंडात टाकलेलं आठवतच नाही.

‘मी तर काहीच खात नाही, तरी काटा हलत नाही’ ही कबुली म्हणूनच मनापासून ऐकावी असं मला वाटतं. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नेमक्या अशाच लोकांचा अभ्यास छापून आला. कितीही डाएट केलं तरी वजन उतरत नाही, असं म्हणणारी ही मंडळी. त्यांना खास समस्थानिकांचं, म्हणजे हायड्रोजन-ऑक्सिजनचे जड अणू असलेलं, पाणी प्यायला देऊन शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च करतं ते मोजलं. चयापचय ठीकठाक निघाला. खाल्लेलं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त. मला हा निकाल दिलासा देणारा वाटतो. शरीर बिघडलेलं नाही, फक्त हिशेबात गळती आहे, आणि गळती शोधता येते.

सगळ्यात मोठी गळती तेलाची. एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली तेल, सुमारे १२० कॅलरी. बाटली तिरकी करून सोडलेली धार सहज दोन-तीन चमच्यांची होते आणि डोळ्यांना ती एकाच चमच्याची वाटते. ग्रॅममागे तेलात ९ कॅलरी, प्रथिनांत आणि पिष्टात ४, त्यामुळे इथली छोटी चूक दुपटीहून मोठी होते. घरात नक्की किती तेल जातं हे कळायला एक सोपी चाचणी आहे. वेगळ्या बाटलीत मोजून ५०० मिली तेल भरा, बाटलीवर तारीख घाला आणि आठवडाभर स्वयंपाकाला फक्त तेच वापरा. चार माणसांत ते सात दिवसांत संपलं, तर माणशी रोज साधारण १८ मिली, म्हणजे सुमारे १५० कॅलरी. तीनच दिवसांत संपलं तर माणशी ३५० च्या आसपास. तळून उरलेलं तेल मोजून वजा करायला विसरू नका, नाहीतर आकडा उगाच घाबरवतो.

दाणे आणि सुकामेवा ही दुसरी जागा. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी असतात, आणि ३० ग्रॅम म्हणजे जेमतेम एक मूठ. दाणे वाईट नाहीत, उलट फार चांगले आहेत. पण बरणीत हात घालून खाल्ले की मूठ एकावर थांबत नाही. यावर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची एक युक्ती फार कामाची आहे. बरणीच काट्यावर ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं आणि मग दाणे काढायचे. काट्यावर उणे २८ दिसलं की २८ ग्रॅम काढले. वेगळी वाटी नको, भांडं घासणं नको. लोणी, चीज, मध, सगळ्याला ही पद्धत चालते. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा काटा पुरतो.

मोजायला लागलं की नवी चूक डोकं वर काढते: शिजलेलं वजन करायचं आणि यादीत कच्च्याचा आकडा बघायचा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३६० कॅलरी असतात. शिजताना तो पाणी पितो आणि पावणेतीन-तीन पट जड होतो, म्हणून १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपासच. दोन्हींची अदलाबदल झाली की हिशेब एका दमात जवळजवळ तिप्पट चुकतो. पास्ता आणि कडधान्यांचंही हेच, फक्त पट वेगळी. मांसाचं उलट, शिजताना पाणी सुटून ते हलकं होतं. कच्चंच मोजा, निदान घरी तरी.

हे सगळं आयुष्यभर करायचं नाही. दहा दिवस पुरे. दहा दिवसांत डोळ्यांना अंदाज येतो, मग काटा कपाटात गेला तरी चालतो. आणि ज्यांना पूर्वी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला आहे, त्यांनी आकड्यांच्या वाटेला जाऊच नये. गरोदरपणात किंवा मधुमेहाची औषधं चालू असताना खाणं कमी करायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी लाडकी कबुली शनिवार-रविवारची. हिचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. सोमवार ते शुक्रवार रोज गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खाल्ल्या: झाल्या २०००. शनिवारी आणि रविवारी रोज ८०० जास्त: झाल्या १६००. आठवड्याची शिल्लक ४००. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, तेव्हा पाच दिवसांच्या संयमाचं फळ ५० ग्रॅम. कष्ट खरेच झालेले असतात, म्हणून हे पाहून वाईट वाटतं. उपाय सुट्टीतली मेजवानी सोडण्यात नाही. सोमवार ते शुक्रवारची रोजची तूट ४०० वरून २५० वर आणा आणि सुट्टीची रोजची उधळण ८०० वरून २०० वर. आठवड्याची शिल्लक ८५० होते, दुपटीहून जास्त, आणि पाच दिवस उपाशी असल्यासारखं वाटत नाही. सुट्टीत माणूस तुटून पडतो ते बरेचदा आधीचे पाच दिवस फार कडक गेल्यामुळेच.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणं केली. ते तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. मनाने खंबीर म्हणून निवडलेली माणसं होती ती. तेव्हा दिवसभर तुटपुंजं खाऊन रात्री दहाला फ्रीजसमोर उभं राहणारा माणूस कमकुवत नसतो, भुकेला असतो. त्याने फ्रीजला कुलूप घालण्याऐवजी सकाळ-दुपारचं खाणं वाढवावं. प्रत्येक जेवणात २५-३० ग्रॅम प्रथिनं बसवली तर रात्रीची ती फेरी पुष्कळदा आपोआप थांबते. वजन उतरवताना दिवसभरात किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं धरावीत. ७० किलोच्या माणसाला ८५ ते ११०. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

भूक नसताना तोंड चाळवावंसं वाटतं, त्याची गोष्ट वेगळी. तिथे समोर काय ठेवलं आहे यावर बरंच अवलंबून असतं. २०१९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांच्या गटाने २० जणांना दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे पदार्थ दिले. हवं तेवढं खायची मुभा दोन्ही वेळा होती. प्रक्रियेच्या पदार्थांवर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि घासही भराभर घेत होती. पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ लागतो. मऊ, चावावं न लागणारं खाणं तोवर संपूनही जातं. म्हणून पाकिटातून थेट खाऊ नका. वाटीत काढा, पाकीट बंद करून उंच फळीवर ठेवा आणि बसून खा. बसून खाल्लेलं लक्षात तरी राहतं.

वजनाच्या काट्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण डाएट सोडून देण्याचं निमित्त बरेचदा तोच होतो. मेजवानीनंतर सकाळी काटा दीड किलो जास्त दाखवतो. दीड किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खायला लागतील. एका रात्रीत ते होत नाही. ते वजन मिठाने धरलेल्या पाण्याचं, आतड्यात अजून असलेल्या अन्नाचं आणि ग्लायकोजेनचं. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. तिचा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरल्याचा आनंदही बराचसा याच पाण्याचा असतो, आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी अडकल्यासारखी वाटते तेव्हा खरी चरबी संथपणे उतरतच असते. बायकांमध्ये पाळीच्या आधी काटा एक-दोन किलोंनी वर जाऊ शकतो, म्हणून त्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.

काटा टणक फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा जाजमावर तो चुकतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करा. रोज करत असाल तर सात दिवसांची सरासरी काढा आणि फक्त सरासरीची सरासरीशी तुलना करा. रोजचा आकडा मन खात असेल तर काटा सोडून टेप घ्या: सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

आता व्यायाम. ‘आज चालून आले, म्हणजे एवढं खायला हरकत नाही’ हा हिशेब कुठे चुकतो ते बघू. ७० किलोच्या माणसाने एक किलोमीटर चालल्यावर साधारण ५० कॅलरी खर्च होतात. यातल्या १०-१५ नुसतं बसूनही गेल्याच असत्या. पाच किलोमीटरच्या फेरीची निव्वळ कमाई १८०-२०० कॅलरी, म्हणजे वरची ती मूठभर शेंगदाण्यांची गोष्ट. ट्रेडमिलचा पडदा बसून गेलेल्या कॅलरीही सहसा त्यातच धरतो, आणि दांडा धरून चाललात तर शरीराचा भार दांड्यावर जातो, पडद्याला मात्र ते कळत नाही. चढ लावून दांड्याला मागे लटकणं तर निव्वळ वाया. चढ कमी करा, हात सोडा. दहा हजार पावलांचा आकडाही मनाला लावून घेऊ नका. तो १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी चालायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत.

ताकदीच्या व्यायामात सगळ्यात जास्त ऐकू येणारी कबुली: पहिल्या दिवशी जोशात दीड तास, दुसऱ्या दिवशी जिने उतरवत नाहीत, मग जिमचं तोंड नाही. ही दुखणी २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतात. लोक लॅक्टिक ॲसिडला दोष देतात, पण ते व्यायामानंतर तासाभरातच ओसरलेलं असतं. स्नायू ताणला जात असताना भार पेलतो, म्हणजे वजन खाली आणताना किंवा स्क्वॉटमध्ये खाली बसताना, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखतं ते त्याने. तोच व्यायाम आठवड्याने परत केला तर दुखणं खूपच कमी असतं, म्हणून पहिला आठवडा मुद्दाम कमी करायचा. चार-पाच व्यायाम, प्रत्येकाचे दोन सेट, ८-१० वेळा, आणि अजून तीन-चार वेळा जमले असते असं वाटत असतानाच थांबायचं. त्याच स्नायूंचा पुढचा व्यायाम ४८ तासांनी.

पुशअप येत नाहीत याचा संकोच बऱ्याच जणांना असतो. जमिनीवरच्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो, गुडघे टेकून निम्मा, आणि उंचीवर हात ठेवले तर त्याहून कमी. तेव्हा भिंत, मग ओटा किंवा भक्कम टेबल, मग खाली न सरकणारी खुर्ची, मग जमीन. एका पायरीवर १२ नीट जमले की पुढची. कोपरं खांद्याच्या रेषेत फाकवली तर खांदे दुखतात. ती अंगापासून ४५ अंशांवर ठेवा. कंबर खाली लोंबत असेल तर नितंब आवळून धरा. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा.

दांडी पडणारच. सवयीला २१ दिवस लागतात असं सांगितलं जातं, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. त्यामुळे बुधवारी चुकलं तर पुढच्या सोमवारची वाट बघू नका, गुरुवारी जा. दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर ताकद बहुतेक शाबूत असते, दम मात्र आधी जातो. परतल्यावर पहिल्या खेपेला पूर्वीच्या वजनाच्या दोन तृतीयांश वजन घ्या, सेट निम्मे करा आणि दोन सेटमधली विश्रांती मिनिटभर वाढवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पूर्वीच्या वजनावर या. धावणाऱ्यांनी पहिला आठवडा निम्मं अंतर धावावं, तेही बोलता येईल अशा वेगाने.