तुम्ही विचारलंत म्हणून: रियोकानमध्ये शाकाहारी माणसाचे जमते का

जपानला येण्याचे ठरले की ओळखीची माणसे मला हमखास दोन प्रश्न विचारतात. अनोळखी लोकांसमोर विवस्त्र होऊन ओन्सेनच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहाच्या, पाण्यात उतरायचे कसे, हा पहिला. आणि आम्ही शाकाहारी आहोत, रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहात, एक रात्र राहिलो तर जेवणाचे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी मोकळेपणाने देतो. दुसऱ्याला मात्र “शक्यतो जाऊ नका, गेलात तर जेवणाशिवायची खोली घ्या” एवढेच सांगून विषय बदलतो. इतकी वर्षे कावासाकीत राहून साधी माहिती द्यायला हा कंटाळतो, असे काहींना वाटते, आणि मागच्या वसंतात एका जवळच्या नातेवाइकाने तर “आम्ही तिकडे यायलाच नकोय तुला” असे तोंडावर सुनावले. ते मला लागले. म्हणून जे आजवर कोणालाच पूर्ण सांगितले नाही ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

स्नानाची भीती बाळगू नका. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग नीट धुवायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, आणि मग मानेपर्यंत पाण्यात गप्प बसायचे. तिथे कोणी कोणाकडे पाहत नाही. जो अवघडलेपणा असतो तो पहिल्या पाच मिनिटांचा. खरी अडचण जेवणाची आहे, आणि तीही साधी असेल असे मी स्वतःच लोकांना बरीच वर्षे सांगत होतो. आरक्षण करताना मांस नको, मासे नकोत असे लिहा, बाकीचे ते लोक बघतात, असे मी किमान चार कुटुंबांना छातीठोकपणे सांगितले आहे. ते मी कशाच्या आधारावर सांगत होतो, याचे उत्तर आज माझ्याकडे नाही.

२०१७च्या नोव्हेंबरात माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, पहिल्यांदा माझ्याकडे आले. आई जाऊन दीड वर्ष झाले होते. संगमेश्वर तालुक्यात त्यांचा सुतारकामाचा कारखाना होता. चौतिसाव्या वर्षी त्यांनी आळंदीला तुळशीची माळ घातली आणि तोवर रोज मासे खाणाऱ्या त्या माणसाने त्या दिवसापासून मासे सोडले. घरात आमच्यासाठी मासे व्हायचे तेव्हा ते आपले पान पडवीत घेत, पण आम्हाला कधी खाऊ नका म्हणाले नाहीत. त्यांना मी गुन्मा प्रांतातल्या कुसात्सूला नेले, कारण राजवाडी-तुरळच्या उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर, लहानपणापासून जाणाऱ्या माणसाला गंधकाच्या वासाचे पाणी आवडेल असे मला वाटले, आणि ते खरेच ठरले. गावाच्या मध्यावर युबाताके आहे. तिथे झऱ्याचे कढत पाणी लाकडी पन्हळींतून वाहवत थंड करतात, आणि अण्णा त्या पन्हळींचे सांधे पाहत अर्धा तास उभे होते. हे पाणी इतके आम्लधर्मी आहे की लोखंडी खिळा त्यात काही दिवसांतच झिजून जातो, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग लाकूडच पाहिजे. शहाणी माणसं आहेत.” खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी कोनाड्याच्या खांबावरून हात फिरवला आणि विचारले, की इथे रंधा ओढून मारतात ना? जपानी रंधा खरोखरच स्वतःकडे ओढतात. त्यांनी ते लाकडाच्या पृष्ठभागावरून ओळखले होते. स्नानाला गळ्यातल्या माळेसकट उतरले. मला त्यांनी पाठ चोळायला सांगितली, मग माझी चोळली. “तुरळला आपण काय वेगळं करतो? लंगोटी तेवढी असते,” असे म्हणाले.

सहाला जेवण खोलीतच आले. पन्नाशीच्या नाकाईबाई, म्हणजे पाहुण्यांची वाढणूक करणाऱ्या बाई, गुडघे टेकून एकेक ताट पुढे सरकवत होत्या. तिळाचे टोफू, शेगडीवर भाजायचे अळंबे, मऊ शिजवलेला मुळा, आणि झाकणाच्या काळ्या लाखेच्या वाटीत सुईमोनो, म्हणजे पाण्यासारखे नितळ सार, त्यावर युझू या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचा नखाएवढा तुकडा. वाफेने झाकण घट्ट बसले होते. मी ते ओढत राहिलो. अण्णांनी वाटीच्या कडा दोन बोटांनी किंचित दाबल्या आणि झाकण आपसूक सुटले. एक घोट घेऊन ते थांबले, मग दुसरा घेतला. आई गेल्यापासून मी त्यांना जेवताना असे थांबलेले पाहिले नव्हते. “नुसतं पाणी दिसतंय, आणि चव बघ,” ते म्हणाले.

त्याच वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली. पाणी मागण्याच्या निमित्ताने मी बाहेर गेलो आणि नाकाईबाईंना विचारले, की ही दाशी, म्हणजे साराचे मूळ पाणी, कशाची आहे? त्यांचा चेहरा खुलला. कोम्बू आणि कात्सुओबुशीची, त्या म्हणाल्या, आमचे आचारी रोज सकाळी ताजी काढतात. कोम्बू म्हणजे समुद्रवनस्पती, पण कात्सुओबुशी म्हणजे कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुराने वाळवून, लाकडासारखा टणक करून त्याचे काढलेले पापुद्रे. मी लिहिलेली सूचना त्यांनी तंतोतंत पाळली होती: ताटात माशाचा एकही तुकडा नव्हता.

मी आत आलो तेव्हा अण्णांची वाटी रिकामी होती. त्यांनी विचारले, “अजून एक मिळेल का रे?”

त्या क्षणी मी बोलायला हवे होते, आणि मी दार सरकवून दुसरी वाटी मागवली. पहिली वाटी अजाणता झाली असे म्हणता येईल. दुसरी मी जाणूनबुजून मागवली आणि ती ते पीत असताना समोर बसून राहिलो. याची कारणे मी स्वतःला अनेकदा दिली आहेत. जे व्हायचे ते झालेच होते. सांगितले असते तर त्यांची रात्र नासली असती. नकळत घडलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही असे त्यांनीच मला शिकवले होते. यातले एकही कारण खोटे नाही. तरीही, माळेचा नेम कोणाचा होता आणि त्याचा निकाल कोण देत होते, हे विचारले की मी गप्प होतो.

सकाळच्या नाश्त्यात ऊन टोफू आले आणि त्यावर फिकट गुलाबी पापुद्रे होते, वाफेने हलणारे. अण्णांनी त्यातला एक चिमटीत धरून उजेडासमोर नेला. त्यातून पलीकडचे दिसत होते. “हा रंधा मारलेला आहे,” ते म्हणाले. “कसलं लाकूड?” मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात त्यांनी तो नाकाशी नेला. पापुद्रा त्यांनी झाकणाच्या कडेला अलगद ठेवला.

“सुकी मासळी आहे.”

“हो.”

“कालच्या सारातही?”

“असेल,” मी म्हणालो.

“तुला ठाऊक होतं?”

मी “नाही” म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि नुसता भात मिठाबरोबर खाल्ला. निघताना ओकामी, म्हणजे मालकीणबाई, दारापर्यंत येऊन वाकून निरोप देत होत्या, तेव्हा अण्णांनीही हात जोडून त्यांना नमस्कार केला.

मी हे ज्या एकदोन मित्रांना अर्धवट सांगितले, ते लगेच चूक रियोकानची असे म्हणाले. हे मला पटत नाही. जपानी भाषेत ‘निकु’ म्हणजे मांस, आणि मासा त्यात येतोच असे नाही. ६७५ साली सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली तेव्हाही मासे त्यात नव्हते. दाशी त्यांच्या लेखी पदार्थच नाही. आपण आमटीत फोडणी आहे हे वेगळे सांगत नाही, तसे ते दाशीचे नाव घेत नाहीत. हे सगळे मला तिथे आठ वर्षे राहून माहीत होते. मी आरक्षणाच्या वेळी ‘दाशीतही मासे नकोत’ हे तीन शब्द का लिहिले नाहीत? लिहिले असते तर कदाचित नकार आला असता आणि मला दुसरे ठिकाण शोधावे लागले असते, ही शंका मला तेव्हाच होती की नंतर सुचली, हे आता मला नक्की सांगता येत नाही.

अण्णा त्याबद्दल पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत. परत जाताना विमानतळावर त्यांनी मफलर सोडला तेव्हा त्यांचा गळा मोकळा दिसला. गावी पोचल्यावर ते पंढरपूरला गेले आणि माळ पुन्हा घातली, हे मला बहिणीने महिन्याभराने सांगितले.

तर आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. दाशीची अट सहज पाळली जाईल असे धरून चालू नका, कारण दाशी सकाळीच काढून ठेवलेली असते आणि मुळ्यापासून सारापर्यंत सगळीकडे तीच जाते. पोचल्यावर सांगून काही उपयोग होत नाही. काही आठवडे आधी कळवा, आणि शाकाहारी हा शब्द न वापरता काय काय चालत नाही ते नावानिशी लिहा, त्यात कात्सुओ आणि दाशी हे दोन शब्द असू द्या. नाही जमत असे उत्तर आले तर ते प्रामाणिक उत्तर समजून ‘सुदोमारी’, म्हणजे नुसत्या मुक्कामाची खोली घ्या. आणि जेवणासकट तो अनुभव हवाच असेल तर कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्रातल्या मठांत राहा. तिथे भिक्षूंचे शोजिन जेवण मिळते, त्यातली दाशी कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची असते, कांदा-लसूणही नसतो. मी अण्णांना तिथे न्यायला हवे होते, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. त्या वर्षी मला गरम पाण्याचे कुंड महत्त्वाचे वाटले.

२०१९ साली अण्णा पुन्हा आले. कुसात्सूचे नाव दोघांनीही काढले नाही. एका संध्याकाळी मी कोम्बू रात्रभर भिजवून, शिताके घालून सार केले आणि वर युझूची साल ठेवली. कोम्बूतली चव ग्लुटामेटची असते हे १९०८ साली इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी शोधले, आणि कात्सुओबुशीतला इनोसिनेट हा दुसरा घटक १९१३ साली सापडला. हे दोन एकत्र आले की चव कितीतरी पटींनी वाढते. शिताकेमध्ये त्याच कामाचा तिसरा घटक असतो, म्हणून मला आशा होती. अण्णांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली, सावकाश सगळी संपवली आणि खाली ठेवली.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले. “पण तिथल्यासारखं नाही.”

मी त्यांची वाटी उचलून आत नेली.