दोन शेवाळं, एक फ्लास्क

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी क्लोरेला आणि सेनेडेस्मस ही दोन सूक्ष्म शेवाळं एकत्र वाढवायला घेतली. बायोमास (शेवाळाचं एकूण वजन) वाढावा आणि पेशींमधलं तेलही जास्त मिळावं, ही अपेक्षा. बीजी-११ हे क्षारांचं पोषक माध्यम, फिश टँकचा हवेचा पंप, १६ तास उजेड, ८ तास अंधार.

चुकले ते मोजमापात. ७५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला ओडी, म्हणजे पाण्याचा गढूळपणा, मोजायची आणि ओडीवरून वजन सांगणाऱ्या क्लोरेलाच्या आलेखावरून कोरडं वजन काढायचं, असं मी आठवडाभर करत होते. सरांनी वही पाहून एवढंच विचारलं, "हे वजन नक्की कोणाचं?" मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर क्लोरेला मोहरीसारखी गोल, बारीक, सेनेडेस्मसच्या चार-चार पेशी शेंगेतल्या दाण्यांसारख्या ओळीनं चिकटलेल्या. दोघांना एकच आलेख कसा चालेल? मग कल्चर (वाढवलेलं शेवाळाचं पाणी) गाळून, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायला लागले. दोघांच्या प्रमाणासाठी हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर) दोन्ही पेशी वेगवेगळ्या मोजायच्या. डोळे दुखायचे, पण आकड्यांवर विश्वास बसला.

तिसऱ्या बॅचला पाणी दोन दिवसांत फिकट पडलं. थेंब पाहिला तर रोटिफर, म्हणजे शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी, पोटात हिरवे कण भरलेले, आणि भोवती पेशी जवळजवळ नाहीतच. तीन आठवड्यांची मेहनत ओतून दिली, खूप वाईट वाटलं. हवेच्या नळीला ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर लावल्यावर हा त्रास थांबला.

तेलासाठी माध्यमातलं नायट्रेट, म्हणजे पेशींचं नायट्रोजनचं खाद्य, बंद करावं लागतं. उपाशी पेशी वाढ थांबवून तेल साठवतात, म्हणून आधीपासूनच उपाशी ठेवलं तर बायोमासच हाती लागत नाही. मी दहा दिवस पोसून नंतर पाच दिवस बिननायट्रेटच्या माध्यमात ठेवलं. हिरवा रंग उतरून पिवळसर झाला. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलनं अर्क काढताना खालच्या थरात तेलाबरोबर क्लोरोफिलही उतरतं, त्यामुळे निघालेलं सगळं वजन तेलाचं समजू नका.

तेलाच्या टक्केवारीत मिश्र कल्चर एकट्या क्लोरेलापेक्षा सरस नव्हतं. पण बायोमास जास्त असल्यानं लिटरमागे तेल जास्त आलं, आणि माझ्या मते खरा हिशोब तोच. शिवाय पंप बंद केला की सेनेडेस्मस लवकर तळाशी बसतं. वरचं पाणी अलगद काढून घेतलं की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायला थोडंच उरायचं.